सहा नंबरचा लाल दिवा

१

फाटकावरची पेटी फुटली होती, आणि ती कुणी फोडली याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. एकवीस माणसांच्या देखत, पाच वाजून चार मिनिटांनी, गुंडाळणी विभागातल्या वहिनींनी जेवणाचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि पेटीवर घातला. एकदा नाही, चार वेळा. चौथ्या घावाला डब्याची कडी तुटली, म्हणून त्या थांबल्या.

त्यानंतरच्या गोंधळात वहिनींची कसून झडती झाली, काही सापडलं नाही. बाकीच्यांना हवालदारांनी 'चला, चला' करत तसंच बाहेर सोडून दिलं. मग कोठारात रोजची मोजणी झाली आणि प्लॅटिनमच्या तारेचं एक रीळ कमी भरलं. चार महिन्यांतलं हे बारावं.

कारखाना भट्ट्यांचं तापमान मोजायच्या काड्या बनवणारा. काडीच्या पोटात केसाएवढी तार असते आणि तिचं रीळ अंगठ्याएवढं. मुठीत सहज मावतं, अंबाड्यात त्याहून सहज. म्हणून फाटकावर ती पेटी होती. घरी जाताना प्रत्येकानं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी, लाल लागला तर पडद्यामागे झडती. कुणाला लाल लागेल ते देवालाही माहीत नाही, असं व्यवस्थापक साहेब अभिमानानं सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तेच त्यांनी परीक्षकबाईंना सांगितलं. परीक्षकबाई सोडतीची यंत्रं तपासणाऱ्या कचेरीत नोकरीला होत्या. बावन्न वर्षांच्या, चष्म्याला दोरी, आणि चेहरा असा की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"गुन्हा उघड आहे," साहेब म्हणाले. "काल तिच्याकडे रीळ होतं. लाल दिवा लागला, घाबरली, पेटी फोडली, गोंधळात रीळ कुणाकडे तरी सरकवलं. दुपारी चारला मी तिला बडतर्फ करून पोलिसांच्या हवाली करतोय. तुम्ही फक्त एवढंच लिहून द्यायचं की यंत्र पक्षपात करत नाही."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, यंत्र माझ्यावर डूख धरून आहे. गेल्या चार महिन्यांत त्र्याऐंशी वेळा लाल लागला म्हणे. आता यंत्र कुणावर डूख धरतं का?"

"त्र्याऐंशी वेळा लागला का?"

"लागला असेल. नशीब."

परीक्षकबाईंनी टेबलावरची पेटी स्वतःकडे ओढली. पत्रा चेपला होता, दिव्याची काच गेली होती. बाजूला एक पांढरी चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी होती. तिच्यावर छापलं होतं, 'तपासले. निःपक्षपाती.' आणि खाली सही.

सही त्यांचीच होती.

२

वहिनींना कोठाराशेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. त्या नवऱ्याच्या जागी लागलेल्या. त्याचा बिल्ला सहा नंबरचा होता, तोच त्यांना मिळाला. नवऱ्याला जे दादा म्हणायचे ते सगळे यांना वहिनी म्हणू लागले, आणि मग तेच नाव झालं.

"विचारा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांनी विचारून झालं, तुम्ही तेवढ्या राहिल्यात."

"पहिल्यांदा लाल कधी लागला?"

"पेटी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी. म्हटलं, लागला तर लागला. दुसऱ्या दिवशी लागला. तिसऱ्या दिवशी लागला. पंधराव्या दिवशी मी झडती घेणारीला म्हटलं, बाई, माझ्या अंगावरचे तीळ आता तुला माझ्या आईपेक्षा जास्त पाठ झाले असतील. ती हसली. पन्नासाव्या दिवशी ती हसेनाशी झाली."

"का?"

"तिलाही वाटायला लागलं, की इतक्या वेळा लागतोय म्हणजे काहीतरी असणारच. रोज चपला काढा, पदर झटका, अंबाडा सोडा. बाहेर आले की केस मोकळे, आणि अख्खी रांग बघतेय. माझी सख्खी नणंद पॅकिंगला आहे, ती जेवायला दुसऱ्या बाकावर बसते. परवा लेकीनं विचारलं, आई, तू खरंच काही घेतलं नाहीस ना? सोळा वर्षांची पोर. काय सांगणार होते मी तिला? यंत्र खोटं बोलतं म्हणून? यंत्रावर तर मोठ्या माणसांची सही आहे."

परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"रोज लागला? एकही दिवस चुकला नाही?"

"पाच दिवस हिरवा लागला. अठ्ठ्याऐंशीपैकी पाच."

"कोणते पाच?"

"तारखा कुणाला आठवतात? पण पहिल्यांदा लागला त्या दिवशी तीन नंबरची बाळंतपणाच्या तपासणीला गेली होती. मी तिला म्हटलंसुद्धा, बाई, तू नसलीस की माझं नशीब उघडतं, रोज जात जा."

परीक्षकबाईंचा हात वहीवर थांबला.

"रांग कशी लागते तुमची?"

"शाळेतल्यासारखी. बिल्ल्याच्या नंबरानं. एक नंबर पुढे, चोवीस नंबर मागे. हवालदारांना दुसरं काही चालत नाही."

"आणि त्या दिवशी सात नंबरवाल्याला काय लागलं?"

वहिनींनी मान वर केली. "लाल," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याला मी चिडवलं होतं."

३

हवालदार फौजेतून निवृत्त झाले होते, फौज मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या चौकीत टेबलाचे कागद टेबलाच्या कडेला समांतर होते आणि भिंतीवरची टोपी जमिनीला. फक्त उजवा गुडघा ऐकत नव्हता. तो विजेच्या शेकायच्या पिशवीत गुंडाळून ते बसले होते.

"रांग नंबरानंच का लागते?"

"मग काय, उसळतील तशी सोडू? माणसं आहेत बाईसाहेब, वाटाणे नव्हेत."

"पेटी दिवसभर चालू असते?"

हवालदारांनी चौकीतल्या एकुलत्या एका प्लगकडे पाहिलं. त्यात गुडघा लावलेला होता.

"संध्याकाळी लावतो ना," ते जरा खाली आवाजात म्हणाले. "भोंग्याआधी पाच मिनिटं. पिशवीचा प्लग काढतो, पेटीचा लावतो. रांग संपली की पेटीचा उपटतो, पिशवीचा लावतो. आधी चालायचं नाही तसं. पेटी लावली की पिवळा दिवा लावून ढिम्म बसायची. तीन-तीन मिनिटं. मी साहेबांकडे तक्रार केली. दुरुस्ती झाली तेव्हापासून लावली की चालू. एकदम शिस्तीत."

"कागदाच्या पट्ट्या?"

बटणाच्या प्रत्येक दाबाला पेटी एका अरुंद पट्टीवर ओळ छापत असे. हिरव्याला टिंब, लालला फुली. हवालदारांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, अठ्ठ्याऐंशी गुंडाळ्या, प्रत्येकीला रबर.

"वरती तारीख मी पेनानं घातलीय," ते म्हणाले. "छापलेली बघू नका. पेटी रोज एकच तारीख छापते, रोज एकच वेळ. तिच्यात घड्याळाची बॅटरीच घातलेली नाही म्हणे. प्लग उपटला की सगळं विसरते."

"सगळं विसरते," परीक्षकबाई म्हणाल्या.

त्यांनी दहा पट्ट्या उलगडल्या, एकीवर एक ठेवल्या, वरच्या कडा जुळवल्या आणि चौकीच्या खिडकीच्या काचेवर दाबून धरल्या. ऊन कागदांतून आरपार आलं. दहा पट्ट्यांमधून फक्त तीन काळ्या फुल्या दिसत होत्या, दहाही थरांतून एकाच जागी खिळा ठोकल्यासारख्या. सहावी ओळ. सतरावी ओळ. तेविसावी ओळ.

आणखी वीस ठेवल्या. फुल्या नुसत्या जास्त काळ्या झाल्या.

दोन वर्षांपूर्वी परीक्षकबाईंनी हीच पेटी तपासली होती. सकाळी नऊपासून दहा हजार वेळा बटण दाबलं होतं, बोट सुजलं होतं, आणि एकही ठरावीक क्रम सापडला नव्हता. दहा हजार वेळा. त्या सगळ्या वेळात एकदाही प्लग काढून पुन्हा लावला नव्हता.

संताप येतो तेव्हा बहुतेकांना समोर कुणीतरी दिसतं. परीक्षकबाईंना खिडकीच्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसत होता.

"पिवळा दिवा कुणी काढला?" त्यांनी विचारलं. हवालदारांचा दुखरा पायसुद्धा सावधान झाला.

४

पिवळा दिवा दुरुस्तीवाल्यानं काढला होता. तिशीतला गडी, गळ्यात ओळखपत्र, बोलताना हात पुसायची सवय.

"मी साहेबांच्या सांगण्यावरून केलं," त्यानं सुरुवातच तिथून केली.

"काय केलंत ते सांगा. कुणाच्या सांगण्यावरून ते नंतर."

"मॅडम, मशीन चालू होतं तेव्हा ते कोरं असतं. ठरलेल्या पायऱ्या ठरल्याप्रमाणे चढतं. त्याला बेभरवशाचं काही करायला सांगितलं तर ते आणणार कुठून? बाहेरून गोळा करावं लागतं. त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. म्हणजे अशी गडबड, जी आधी कुणाला सांगता येणार नाही. घरच्या कॉम्प्युटरला कीबोर्ड असतो, माउस असतो, नेटवर्क असतं. कोणती कळ केव्हा दाबली, किती क्षणांनी दाबली, त्यातून तो थेंब-थेंब साठवतो. या पेटीला आहे काय? एक बटण."

"म्हणून ती थांबायची."

"पुरेसं साठेपर्यंत थांबायची. पिवळा दिवा त्याचाच. कुणीतरी बटण उलटसुलट, वेडंवाकडं दाबलं की भरायचं भांडं. पण हवालदार एका तालात दाबायचे. डावा-उजवा, डावा-उजवा. भरायचं कसं?"

"मग?"

"साहेबांनी हिशेब मांडला. चोवीस माणसं गुणिले तीन मिनिटं, रोज बहात्तर मिनिटं. म्हणाले, हा पिवळा दिवा मला नकोय. म्हणून मी वाट बघणं काढून टाकलं. पण तसंच उघडं नाही सोडलं हं. आदल्या वेळची गडबड थोडी पेटीतल्या मेमरी कार्डावर बी म्हणून ठेवायची, पुढच्या वेळी तिथून सुरुवात करायची. सगळे करतात असं."

"सगळे दर वेळी नवं बी लिहून ठेवतात."

दुरुस्तीवाल्यानं हात पुसले.

"हवालदार प्लग उपटतात. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडतं. दोनदा बिघडलं. दोन्ही वेळा मला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. म्हणून मी कार्डाला कुलूप घातलं. नुसतं वाचायचं, लिहायचं नाही."

"म्हणजे रोज तेच बी."

"पण माणसं बटण दाबतात त्याची गडबड आत मिसळतेच की!"

"आत मिसळते. तुमचा सोडतीचा प्रोग्रॅम सुरुवातीला एकदाच चमचा बुडवतो आणि संध्याकाळभर तेवढ्यावरच चालतो. बरोबर?"

त्याचं बोट हवेत काहीतरी मोजत होतं आणि ते सहावर अडखळलं.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या बाईंना रोज..."

"त्र्याऐंशी वेळा. अंबाडा सोडून."

"मला काय माहीत रांग नंबरानं लागते? मी मागच्या दारानं जातो."

"तुम्हा सगळ्यांचं हेच आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "एकानं शिस्त सांभाळली, एकानं मिनिटं, एकानं कार्ड. आणि मी सही सांभाळली. बाईला सांभाळायचं तेवढं कुणाच्या कामात बसलं नाही."

एक वाजला होता. यंत्र खोटं ठरलं होतं. पण रिळं अजून बारा कमीच होती, आणि यंत्र रिळं नेत नाही.

५

हजेरीपुस्तक आणि कोठाराची वही शेजारी शेजारी ठेवून परीक्षकबाई उपाहारगृहाच्या कोपऱ्यात बसल्या.

बारा चोऱ्यांच्या दिवशी वहिनींना किती वेळा लाल लागला होता? नऊ वेळा. नऊ वेळा झडती झाली, काही सापडलं नाही, आणि त्याच संध्याकाळी रीळ कमी भरलं. ही बेरीज चौथीतल्या मुलाला जमली असती. साहेबांना ती वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बघा, किती पोचलेली असेल!"

मग त्यांनी दुसरी बेरीज मांडली. बाराही दिवशी कुणीतरी रजेवर होतं. सगळे हजर असलेल्या दिवशी एकही चोरी नव्हती. आणि रजेवर असलेल्यात दर वेळी सोळाच्या आतला एक नंबर होताच.

समोर येऊन कुणीतरी उभं राहिलं. चोवीस नंबरची मुलगी, नवीनच लागलेली, हातात पाण्याचा पेला.

"मॅडम, वहिनींना खरंच पोलीस नेणार?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मलाही नेतील. तेवीस नंबरचे रंगारीकाका महिन्यापूर्वी दवाखान्यात गेले ना, तेव्हापासून त्यांचा लाल दिवा मला लागलाय. ते रोज म्हणायचे, माझ्यामागे साडेसाती आहे. जाताना मला देऊन गेले."

महिन्याभरात तीन रिळं गेली होती. रंगारीकाका तीनही वेळा सलाइन लावून पडले होते.

"आणि एक," मुलगी कुजबुजली. "मागच्या महिन्यात पाण्याच्या पिंपामागे मला एक रीळ सापडलं होतं. मी लगेच कोठारात नेऊन दिलं. पुढारी म्हणाले, कुणाला सांगू नकोस, तुझंच नाव येईल."

"कोणत्या दिवशी?"

"चौदा नंबर सकाळी रजेवर होता. पण लग्नाची तारीख पुढे गेली म्हणून दुपारी परत आला आणि ऐन वेळी रांगेत घुसला. तेव्हाच पुढाऱ्यांना तहान लागली. रांग सोडून पिंपाकडे गेले, परत येऊन आपल्या जागेवर उभे राहिले. लाल लागला त्यांना. नेहमीसारखा. हसत हसत गेले पडद्यामागे."

"पुढाऱ्यांचा नंबर?"

"सतरा."

पुढारी म्हणजे कामगार संघटनेचा प्रतिनिधी. कुणाला रजा हवी असली की अर्ज तो लिहून द्यायचा, तो मंजूर करून आणायचा. सगळा कारखाना त्याला दुवा देई. परीक्षकबाईंनी रजेच्या अर्जांची फाइल मागवली.

बारा दिवसांचे अर्ज एकाच अक्षरात होते.

त्या उठल्या आणि दहा नंबरच्या म्हाताऱ्या फिटरपाशी गेल्या. पेटी फुटली त्या दिवशी रजेवर होता तो.

"काका, कालची रजा कशासाठी घेतलीत?"

"मी कुठे मागितली? पुढारी म्हणाला, तुम्ही थकलेले दिसता, उद्या घरी बसा, मी बघतो साहेबांचं. देवमाणूस आहे हो."

घड्याळात साडेतीन झाले होते.

६

"फाटकावर?" साहेब म्हणाले. "चोवीस जणांची रांग? आत्ता?"

"दुरुस्तीवाल्यानं पेटीला नवा दिवा बसवलाय. तुम्हाला लेखी हवंय ना की यंत्र पक्षपात करत नाही? मग डोळ्यांनी बघा. आणि सहाव्या जागी तुम्ही उभे राहा."

परीक्षकबाईंनी एक बंद पाकीट हवालदारांच्या हातात दिलं. हवालदारांनी प्लग लावला. सगळ्यांनी बिल्ल्यानुसार रांग धरली. वहिनी बाजूला भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

पाच हिरवे झाले. साहेबांनी बटण दाबलं. लाल.

"योगायोग," साहेब म्हणाले.

"झडती," परीक्षकबाई म्हणाल्या. "नियम आहे."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. ते पडद्यामागे गेले, बूट काढले, मोजे काढले, परत आले. हवालदारांनी प्लग उपटला, पुन्हा लावला. पाच हिरवे, सहावा लाल. पुन्हा पडदा. तिसऱ्या वेळी साहेबांनी बटण न दाबताच बूट काढायला घेतले आणि मग स्वतःचाच राग येऊन ओरडले, "हे काय चाललंय? मी काय चोर आहे?"

"तीनच झाले," भिंतीपाशी उभ्या वहिनी म्हणाल्या. "अजून ऐंशी राहिले."

हवालदारांनी पाकीट उघडून कागद वाचला. "सहा. सतरा. तेवीस."

मग परीक्षकबाईंनी थोडक्यात सांगितलं. रोज उपटलेला प्लग, काढून टाकलेला पिवळा दिवा, कुलूप लावलेलं कार्ड, नंबरवार रांग. "चारांतलं एक जरी नसतं तरी हे घडलं नसतं. पेटी रोज तोच डाव टाकत होती आणि तुम्ही रोज त्याच जागांवर उभे राहत होतात."

"म्हणजे मलाही!" पुढारी पुढे झाला. आवाज सभेतला. "मित्रहो, सतरावा मी! वहिनींसारखाच मीही रोज हा अपमान गिळला. पण मी पेटी फोडली नाही. का? कारण कर नाही त्याला—"

"रोज नाही," परीक्षकबाई म्हणाल्या.

"काय?"

"रोज नाही गिळलात. तुमच्या पुढचा एक माणूस गैरहजर असला की तुम्ही सोळावे होता आणि सोळाव्याला हिरवा लागतो. ज्यांना रोजच हिरवा लागतो त्यांना कुणाच्या रजेची वाट बघायचं कारण नाही, ते कधीही रीळ नेऊ शकतात. पण बाराही रिळं कुणीतरी रजेवर असतानाच गेली. म्हणजे चोर नेहमी लाल लागणारा. असे तिघे. वहिनींची नऊ वेळा झडती झाली आणि त्या नऊही दिवशी रीळ गेलं. रंगारीकाका दवाखान्यात होते तरी तीन गेली. उरलं कोण?"

"ही नुसती आकडेमोड आहे!"

"आहे. म्हणून हेही बघा." त्यांनी अर्ज पसरले. "बारा रजा, अक्षर तुमचं. काका, तुम्ही रजा मागितली होती?"

म्हातारा फिटर पुढाऱ्याकडे बघत राहिला. "मला वाटलं तुला माझी काळजी आहे," तो म्हणाला.

"चौदा नंबर, तू ऐन वेळी परत आलास तेव्हा यांना तहान लागली आणि पिंपामागे रीळ सापडलं. बरोबर?"

रांगेतून हुंकार उमटला. पुढाऱ्यानं भाषणासाठी उचललेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

वहिनी भिंत सोडून त्याच्यासमोर आल्या.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "लाल दिवा माणसाला नाही, जागेला लागतो, हे चार महिने तुला एकट्याला माहीत होतं. मी रडत होते तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, वहिनी, धीर धरा, सत्य बाहेर येतं. एक शब्द बोलला असतास, एक नंबर मागे उभ्या राहा म्हणाला असतास!"

"वहिनी, अहो, मला नाइलाजानं—"

"वहिनी म्हणू नकोस."

संध्याकाळी त्याच्या घरात, पाण्याच्या मोटारीच्या जुन्या डब्यात, पोलिसांना दोन रिळं सापडली.

७

तीन दिवसांनी परीक्षकबाई पुन्हा आल्या. पेटीला नवा पत्रा होता, दुरुस्तीवाल्यानं पिवळा दिवा परत बसवला होता, आणि हवालदारांच्या गुडघ्यासाठी भिंतीत दुसरा प्लग निघाला होता. दुसरा प्लग लावायला चार महिने आणि एका बाईची अब्रू लागली, असं परीक्षकबाईंनी अहवालात लिहिलं होतं. साहेबांनी ते वाक्य काढायची विनंती केली. त्यांनी ते अधोरेखित केलं.

अहवालाचा शेवट असा होता: 'पेटी वहिनींनी फोडण्याच्या चार महिने आधीच मोडलेली होती. ती निःपक्षपाती असल्याचा दाखला देणारीनं ती एकदाही बंद करून पाहिली नाही. तो दाखला रद्द. देणारी मी.'

"एवढं सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण मालमत्तेचं नुकसान झालंच. त्यांनी एक छोटंसं माफीपत्र दिलं की विषय संपला."

"जरूर," परीक्षकबाई म्हणाल्या. "खाली लिहून घेणाऱ्याचं नाव आणि पेटीचा पिवळा दिवा काढण्याचा हुकूम, दोन्ही जोडा. मी त्याची प्रत प्रत्येक विभागाच्या फलकावर लावते."

माफीपत्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

पाच वाजता रांग लागली. या वेळी नंबरानं नाही, उसळतील तशी. हवालदारांनी डोळे मिटून घेतले होते. वहिनी केस घट्ट बांधून आल्या होत्या. त्यांची नणंद त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते एका संध्याकाळचं काम नव्हतं.

पेटी चालू झाली. पिवळा दिवा लागला आणि थांबून राहिला.

"आता भांडं भरायला हवं," दुरुस्तीवाला म्हणाला. "कुणीतरी बटण दाबा. ताल नको. जसं येईल तसं."

कुणी पुढे होईना. परीक्षकबाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पुढे आल्या, हातातला डबा खाली ठेवला, त्याला नवी कडी होती, आणि त्यांनी बटणावर मूठ मारली.

एक. मग लगेच दोन. मग थांबल्या. त्या थांबण्यात कुठला तरी एक दिवस गेला असावा. मग पाच सलग, दातओठ खाऊन. मग एक हलकाच, जवळजवळ दमलेला. मग पुन्हा जोरात. त्यात ना ताल होता ना क्रम. पुढचा ठोका कधी पडेल हे वहिनींनाही माहीत नव्हतं. जगातल्या कुठल्याही पेटीला याहून चांगलं खाद्य मिळालं नसतं.

एकेचाळिसाव्या ठोक्याला पिवळा दिवा विझला. पेटीचं पोट भरलं.

"बास, वहिनी," दुरुस्तीवाला म्हणणार होता. परीक्षकबाईंनी हात वर करून त्याला अडवलं.

वहिनी मारत राहिल्या. पेटी ओळीमागून ओळ छापत राहिली, पट्टी लांबत लांबत जमिनीला लागली. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि हात पाठीमागे बांधले. परीक्षकबाई मनातल्या मनात मोजत होत्या, दहा हजारांच्या वेळी मोजलं नव्हतं इतक्या लक्षपूर्वक.

त्र्याऐंशीव्या ठोक्यावर वहिनी थांबल्या. हात झटकला. डबा उचलला, पडद्याकडे न बघता फाटकाबाहेर पडल्या, आणि हवालदारांनी त्यांना सलाम ठोकला.